होडी वाढवायची आहे

दयानंदाच्या घरात नारळ कधी फुटला नाही, तो वाढला. बांगडी पिचली तर ती वाढली, देवापुढचा दिवा विझला तर तोही वाढला. आणि म्हातारी झालेली होडी कुऱ्हाड घालून मोडायची वेळ आली, तर ती मोडायची नाही, फोडायची तर मुळीच नाही. ती वाढवायची. मुळशी धरणाच्या पाण्यावर पोट भरणारी मोजकीच घरं होती त्या वस्तीत, आणि या बाबतीत सगळ्यांत कडक दयानंद. त्याचा पोरगा शैलेश शाळेत असताना एकदा जेवता जेवता म्हणाला होता, "आबा, वरच्या आळीला व्हडी फोडली आज." दयानंदानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पोराच्या तोंडातला घास ताटात पडला. "फोडली म्हनायचं न्हाई. तिच्या जिवावर खातोयस तू. वाढवली म्हनायचं." शैलेश ते कधी विसरला नाही. विसरला असता तर बरं झालं असतं, असं गंगूबाईला पुढं वाटायचं होतं.

गंगूबाई म्हणजे दयानंदाची बायको. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिचा नवऱ्याशी पहिला आणि शेवटचा संवाद एकच: "वाढू का?" सकाळी न्याहारीला वाढू का, संध्याकाळी कोरड्यास निवत चाललंय, वाढू का. मधल्या वेळात दयानंद पाण्यावर असायचा आणि बोलायचं म्हटलं तरी होडीशीच बोलायचा. जमिनीवर आला की त्याची जीभ जड व्हायची. चारचौघांत बसला तर चोरून आणल्यासारखा कोपऱ्यात बसायचा, पण एकदा वल्ही हातात आली की बाजीराव. वारा कुठून वळणार, कुठल्या दरडीखाली मासा बसलाय, हे तो होडीला सांगायचा. बायकोला मात्र घरातलं मीठ संपलंय हे त्याला दोनदा सांगावं लागायचं.

होडी त्याच्या बापानं करून घेतलेली, सागाच्या फळ्यांची. तिला एकच खोड होती. काठ बुटके. ताम्हिणीकडून वारा सुटला की लाटा सरळ आत यायच्या आणि अर्धा वेळ पाणी उपसण्यात जायचा. म्हणून दयानंदाच्या मनात फार जुनी गोष्ट होती, की दोन्ही बाजूंनी एकेक फळी चढवायची आणि होडी वाढवायची. खरोखरची वाढवायची, म्हणजे मोठी करायची. "पोरगं हाताशी आलं की वाढवू," असं तो म्हणायचा. शैलेश हाताशी आला, दोन हंगाम बापाबरोबर जाळंही टाकलं, आणि एका सकाळी उरवड्याच्या कंपनीत लागला. तिकडंच माण गावात खोली घेऊन राहिला. फळी चढवायची राहून गेली. दयानंदानं त्याबद्दल पोराला एक शब्द विचारला नाही. विचारायची त्याच्यात पद्धतच नव्हती, आणि सांगून टाकायची शैलेशमध्ये नव्हती. बाप तसा लेक. मधल्या मध्ये गंगूबाईचं भरीत.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस दयानंद एकटाच गेला आणि परत आला नाही. चक्कर येऊन होडीतच आडवा झाला होता. वल्हं पाण्यात गेलं, आणि वाऱ्यानं होडी पार पलीकडच्या काठाला नेऊन झाडीत अडकवली. माणसं घेऊन शोधेपर्यंत सकाळ उजाडली. निरोप मिळताच माणहून धावत आलेला शैलेश रात्रभर पावसात काठावर उभा राहून "आबा, आबा" असं ओरडत होता. दयानंद सापडला तेव्हा होडीत पाणी भरलेलं आणि तो त्यात भिजत पडलेला. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न त्यानं काय विचारावा? "जाळं कुटाय?" शैलेशनं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. होडी तेव्हापासून अंगणात दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली होती.

आता फोनचं सांगायचं. वस्तीत रेंज मिळते ती फक्त रस्त्याकडेच्या एका दगडावर, तीही तिचा मूड असेल तेव्हा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शैलेशचा फोन आला तेव्हा दयानंद त्या दगडावर उभा होता आणि गंगूबाई खाली. दयानंदाला ऐकू कमी येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला.

"आबा," शैलेश म्हणाला, "मी ठरिवलंय. दिवाळीच्या आदल्या रविवारी येतो. व्हडी वाढवू."

दयानंदाचा आवाज असा फुटला की गंगूबाईनं मान वर करून बघितलं. "वाढवू की! तुज्या म्हनन्याभाईर हाय का मी?"

"मान्सं मीच आनतो. तुमी कायबी करू नका. आन् आबा..." तेवढ्यात रेंज गेली.

दयानंद दगडावरून उतरला तो तिशीतल्या माणसासारखा. "ऐकलंस का गंगे? पोरगं व्हडी वाढवाय येतंय. आपनहून म्हनलं. सुतार घिऊन येतंय."

गंगूबाईनं ऐकलं होतं. पण तिनं पोराचा आवाजही ऐकला होता, आणि आनंदाची बातमी सांगताना कुणाचा गळा तसा दाटत नाही. तरी तिनं मनाला समजावलं की आपलंच काहीतरी चुकत असेल. दुसऱ्या दिवशी ती सरपणाच्या निमित्तानं एकटीच दगडावर गेली आणि तिनं शैलेशला फोन लावला.

"आये, आबा कसं हायेत? रडलं का?" शैलेशनं पहिलं हेच विचारलं. "मला वाटलं व्हतं शिव्या घालतील, घरात पाय ठिवू देनार न्हाईत. आन् ते म्हनतात वाढवू की! काल मी लई दिसांनी झोपलो बघ. आये, व्हडी हाय तवर ते पान्यात जानार. पुढच्या येळंला ते जित्तं घावायचं न्हाईत. जुनी व्हडी इकत घ्याला कुनी तयार न्हाई, सगळ्यांकडं फायबरच्या आल्यात. आन् दुसऱ्याच्या दारात ती कुजलेली त्यास्नी बगवनार बी न्हाई. वाढवलेली बरी."

गंगूबाई "व्हय" म्हणाली. पोराचं काही चुकलेलं नव्हतं. नवरा जिवंत राहावा हे तिलाही पाहिजेच होतं. फोन बंद करून ती घरी आली ती एकच ठरवून, की आज संध्याकाळी सांगायचं.

घरी येऊन बघते तर दयानंद होडीवर तुटून पडलेला. पत्र्याच्या तुकड्यानं जुनं डांबर खरवडत होता, अंगभर काळा चुरा, आणि चक्क गुणगुणत होता. गेल्या पावसाळ्यापासून हा माणूस खांबाला टेकून बसलेला होता. हाक मारली तर हूं म्हणायचा, नाही मारली तर तेवढंही नाही. आता त्यानंच बायकोला हाक मारली. "गंगे, हिकडं ये. हिचं बूड बग. एवढी वरसं पान्यात राहून एक फळी किडली न्हाई. बाप माझा येडा नव्हता." गंगूबाईनं होडीच्या बुडावरून हात फिरवला. त्या संध्याकाळी तिनं काही सांगितलं नाही. म्हणाली, उद्या सांगू.

उद्याचं असं असतं की तो रोज येतो आणि रोज उद्याच राहतो. दयानंदानं फटींमध्ये कापूस आणि राळ ठोकली. मग पौडला गेला. पौडच्या बाजारात हाफीजचं हार्डवेअरचं दुकान आहे. हाफीज त्याचा शाळेपासूनचा सोबती, दोघांनी मिळून चौथी नापास केलेली. तिथून डांबर आलं, खड्डे बुजवायची लांबी आली, प्रायमर आला, आणि हिरव्या ऑइलपेंटचे दोन डबे आले. हिरवा का, असं गंगूबाईनं विचारलं तर म्हणतो कसा, "तुज्या चुड्याचा रंग हाय." एवढ्या वर्षांत ह्या माणसाला बायकोच्या हातात बांगड्या आहेत हे आजच दिसलं होतं! दुसऱ्या कुठल्या दिवशी तो असं बोलला असता तर गंगूबाई लाजून आत पळाली असती. त्या दिवशी ती आत गेली आणि पिठाच्या डब्याशी तोंड करून रडली.

बुडाला डांबराचे दोन हात झाले. वरच्या अंगाला लांबी भरून, घासून, प्रायमर मारून मग हिरवा. पण काठाला लागून वीतभर पट्टी त्यानं सगळीकडून कोरी ठेवली. "हितं नवी फळी बसनार," तो म्हणाला, "रंग आदीच दिला तर खिळा नीट धरत न्हाई. दुसरा डबा त्यासाठीच हाय. फळी चढली की वरनं एकसारका हात मारू." आणि तो डबा त्यानं स्वतःच्या हातानं खाटेखाली सरकवला.

दुपारी गंगूबाई दारात येऊन विचारायची, "वाढू का?" त्यावर रोज त्याचा एकच विनोद. ब्रश तसाच हवेत धरून तो होडीकडं मान करायचा. "आदी हिला वाढूं दे. मग मला वाढ." आणि स्वतःच हसायचा. पहिल्या दिवशी गंगूबाईनं हसल्यासारखं केलं. नंतर तिला तो विनोद येणार हे माहीत असायचं, आणि तरी विचारावं तर लागायचंच, कारण जेवायला तर बोलवायलाच हवं.

एकदा तिनं हिय्या केला. तो पाटावर बसून ब्रश टर्पेन्टाइनमध्ये धूत होता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "अवो, शैलेश वाढवू म्हनला, त्यो जुन्या बोलीनं म्हनला आसंल तर?"

"जुन्या बोलीनं म्हंजी?"

"म्हंजी... आपन नारळ वाढवतो तसं."

दयानंद तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मोठ्यानं हसून तिच्या गुडघ्यावर थाप मारली. "तुजं डोकं बी ना! मान्सं घिऊन येतोय म्हनला त्यो. व्हडीचं सरपन कराया कुनी भाईरनं मान्सं आनतं व्हय? त्ये तर म्या एकट्यानंबी केलं आस्तं." आणि थोडा वेळ ब्रश डब्यात ढवळत राहून हळूच म्हणाला, "त्याला ठाव हाय गंगे. हिच्याबिगार माजं काय हाय दुसरं?"

त्यानंतर मात्र तिनं तोंडात मूग गिळले ते गिळलेच. एकीकडं आड, दुसरीकडं विहीर. पोराला सांगावं तर तो माघार घेईल, आणि बाप पुन्हा एकटा पाण्यात जाईल. नवऱ्याला सांगावं तर हे हसू आजच मावळेल. रविवारी मावळायचंच आहे, तर रविवारपर्यंत तरी असू दे. असा तिनं हिशेब केला. हिशेब चुकीचा होता, पण तिच्या जागी दुसऱ्या कुणालाही तो बरोबर जमला असता असं वाटत नाही.

रविवारी दयानंद पहाटेच उठला. होडीला झेंडूचं तोरण बांधलं, पुढच्या टोकाला, नाकाडाला, हळदकुंकू लावलं. पितळेच्या ताटात नारळ काढून ठेवला. नवा सदरा घातला आणि अंगणात उभा राहिला. ऊन वर आलं तसा ऑइलपेंट असा चकाकायला लागला की रस्त्यानं जाणाऱ्या मोटारीतली मंडळी थांबून फोटो काढून गेली. दयानंदानं त्यांना हात केला.

टेम्पो आला. शैलेश उतरला, त्याच्यामागं कंपनीतले दोन दांडगे मित्र. त्यांनी टेम्पोतून पहार काढली, घण काढला, विजेची करवत काढली आणि दोन मोठ्या कुऱ्हाडी भिंतीला टेकवून ठेवल्या.

"सुतार कुटाय?" असं दयानंद म्हणणार होता. त्याचं तोंड उघडलेलं गंगूबाईनं बघितलं. पण त्याआधीच शैलेश होडीपुढं जाऊन उभा राहिला होता. तिच्यावरून त्यानं हात फिरवला, तोरणाकडं बघितलं, ताटातल्या नारळाकडं बघितलं आणि एवढा मोठा घोडा बापाच्या गळ्यात पडून रडायला लागला. "आबा, तुमी तिला सवाष्णीवानी नटवलीया. मला वाटलं व्हतं तुमी मनातनं मला माफ केलं नसंल. आता माज्या जिवाला घोर न्हाई."

दयानंदाचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले. पोराच्या खांद्यावरून तो आधी कुऱ्हाडींकडं बघत होता. मग त्यानं गंगूबाईकडं बघितलं. गंगूबाईनं मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेतून त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या: पोरगं कशाला आलंय, आणि बायकोला हे माहीत होतं.

ओरडेल, असं तिला वाटलं. पोराला ढकलून देईल, होडीवर आडवा पडेल. त्यातलं काही झालं नाही. त्यानं हात उचलला आणि शैलेशच्या पाठीवर ठेवला. ज्या पाठीत पूर्वी धपाटा घातला होता, तिथंच.

शैलेशनं डोळे पुसले. होडीभोवती एक फेरी मारली. "आबा, ही वरची पट्टी का सोडली?"

"रंग संपला," दयानंद म्हणाला.

खाटेखाली भरलेला डबा होता. गंगूबाई उंबऱ्यात उभी होती, तिथून तो तिला दिसत होता.

रीत अशी की पहिला घाव मालकानं घालायचा. दयानंदानं नारळ घेतला, होडीला ओवाळला आणि दगडावर आपटून वाढवला. पाणी नाकाडावर शिंपडलं. मग कुऱ्हाड मागितली. त्याच्यानं होणार नाही असं शैलेश म्हणाला, पण त्यानं ऐकलं नाही. घाव नाकाडाखाली बसला, हिरव्या रंगाचा टवका उडाला आणि आतला साग दिसला, नव्यासारखा पिवळा. दयानंदानं कुऱ्हाड शैलेशच्या हातात दिली आणि ओट्यावर येऊन बसला.

सागाचं लाकूड, शिवाय नुकतीच राळ भरून फटी घट्ट केलेल्या. होडी सहजासहजी वाढेना. पोरं घामानं निथळली. "आबा, लई मजबूत हाय की वो," शैलेशचा एक मित्र कौतुकानं म्हणाला. दयानंदानं मान हलवली. करवत लागली तेव्हा मात्र त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला ऐकू कमी येतं हे त्या दिवशी गंगूबाईला देवाचं देणं वाटलं.

उन्हं कलेपर्यंत अंगणात फळ्यांचा ढीग झाला होता. काळ्या, हिरव्या, आणि प्रत्येकीला कुठंतरी एक कोरं टोक. पोरं चहा पीत होती. तेवढ्यात रस्त्यावर एक छोटा हत्ती टेम्पो थांबला आणि हाफीज खाली उतरला. मागं सागाच्या दोन लांबलचक फळ्या दोरीनं बांधलेल्या. त्याची नजर अजून दोरीवर, तोंड मात्र सुरू.

"दया! उशीर झाला लेका, गिरनीवाला सोडंना. पन फळ्या बग कश्या मिळवल्यात! एक गाठ न्हाई. व्हडी वाढवायला असलं लाकूड..."

मग त्यानं वर बघितलं. ढीग बघितला. दोरी त्याच्या हातातून सुटली आणि फळीचं एक टोक जमिनीवर आपटलं.

शैलेशच्या हातात कपबशी होती. त्यानं त्या फळीकडं बघितलं, ढिगातल्या कोऱ्या पट्ट्यांकडं बघितलं, आणि मग बापाकडं. कपबशी त्यानं भरलेलीच खाली ठेवली.

"आबा, तुमी फोनवर म्हनला वाढवू की... ते..."

"राहूं दे."

"आबा, मी वाढवू म्हनलो ते दुसऱ्या अर्थानं..."

"तू बराबरच बोललास," दयानंद म्हणाला. "म्याच शिकिवलं व्हतं तुला. आयकनाराचं चुकलं." आणि हाफीजला म्हणाला, "ये, बस. च्या घे."

हाफीज बसला नाही. दोन्ही फळ्या उतरवून त्यानं भिंतीला लावून ठेवल्या, गंगूबाईला "येतो वहिनी" म्हणाला आणि दयानंदाकडं न बघता निघून गेला. शैलेश ढिगाशेजारी उकिडवा बसून राहिला. अंधार पडायच्या आत निघायला हवं असं मित्रांनी दोनदा सांगितलं, तेव्हा उठला. बापाच्या पाया पडला. बापानं डोक्यावर हात ठेवला. दोघांनाही बोलायचं होतं, आणि दोघांपैकी एकालाही ते कधी जमलेलं नव्हतं. टेम्पो गेला.

गंगूबाईनं चूल पेटवली. ढिगातली एक ढलपी सवयीनं तिच्या हातात आली होती, ती तिनं परत नेऊन ठेवली आणि बाभळीचं सरपण लावलं. भाकरी झाल्या, आमटी उकळली. दयानंद ओट्यावर तसाच बसला होता, समोरच्या भिंतीला टेकवलेल्या दोन फळ्यांकडं तोंड करून. पाणी पलीकडं दिसत होतं, पण तिकडं तो बघत नव्हता.

पदराला हात पुसत गंगूबाई दारात आली. "वा..." एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं. बाकीचा शब्द घशातच राहिला. संसारात रोज म्हटलेला तो शब्द तिला म्हणवेना. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"ताट करू का?" तिनं विचारलं.

दयानंदानं वळून तिच्याकडं बघितलं. तिनं काय गिळलं ते त्याला कळलं. दिवसभर डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस तेव्हा रडला.